पान ४१ वर मी पुस्तक मिटलं: लोकप्रिय कादंबऱ्यांतल्या शिव्या आणि आपण

तिरफळ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात वाचनालयातून एक कोरी करकरीत मराठी थ्रिलर आणली. नाव सांगत नाही, लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे आणि मला त्याची रेवडी उडवायची नाही. मुंबईतला खून, निलंबित सब-इन्स्पेक्टर, बिल्डर, बिल्डरची दुसरी बायको. ठरलेलाच ऐवज, पण पकड चांगली होती. तरी पान ४१ वर मी पुस्तक मिटलं ते अजून उघडलेलं नाही.

कारण शिव्या.

आता 'सोवळं नेसून कादंबऱ्या वाचता का' असं कुणी विचारायच्या आत सांगते. मी रत्नागिरीची. आमच्या शेजारचे आजोबा गाईला, नातवाला आणि बंद पडलेल्या रेडिओला एकाच शब्दाने हाक मारायचे. तो शब्द इथे लिहिला तर धागा उडेल. त्या शब्दाने मला कधी काही झालं नाही. मग या पुस्तकात काय खुपलं? तीन दिवस डोकं खाजवलं, मग ती चाळीस पानं पुन्हा चाळली तेव्हा सापडलं. सब-इन्स्पेक्टर, बिल्डर, शवविच्छेदन करणारी डॉक्टर आणि चहाचा पोऱ्या, सगळे त्याच दोन शिव्या देतात. त्याच जागी, वाक्याच्या तोंडाशी. नावं झाकली तर कोण बोलतंय ते सांगता येणार नाही.

शिवीवरून तर माणूस ओळखू येतो ना? गाव, वय, धंदा, समोरच्याशी नातं, सगळं तिच्यात असतं. इथे ती नुसती फोडणीतली मोहरी झाली होती.

तुमचं काय? कादंबरीत शिवी आली की तुम्ही अडखळता, हसता, पुढे सरकता? की नसली तर अडखळता?

नाक्यावरचा

नसली तर अडखळतो. पोलीस ठाण्याच्या बाकावर कधी अर्धा तास बसून बघा. 'अरे हरामखोरा, सांग, कुठे लपवला आहेस तो ऐवज?' असं बोलणारा हवालदार फक्त मराठी रहस्यकथेत भरती होतो.

आणि हा वाद काय आजचा नाही. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' १९६५ ची. मुंबईच्या नाक्यावर टवाळक्या करणारी पोरं, पोक्या सांगतोय आणि नाक्यावर बोलतात तसंच सांगतोय. केवढा धुरळा उडाला! आचार्य अत्र्यांनी आपल्या 'मराठा' दैनिकातून झोडपून काढलं. अत्र्यांनी! ज्यांच्या लेखणीचे फटके खाऊन भलेभले घायाळ झाले, त्यांना पोक्याची जीभ सहन झाली नाही. आज मराठी साहित्याबद्दल बोलताना त्याच कादंबरीचं नाव मानाने घेतात. म्हणजे शिवी तीच, साठ वर्षं मुरली की साहित्य.

गवती_चहा

टीव्हीवर शिवी आली की मी अजून लेकाला 'जरा पाणी आण रे' म्हणून आत पाठवते. लेक २६ वर्षांचा आहे. तो जाताना हसतो.

शुद्ध_तूप

धागाकर्तीशी निम्मा सहमत. पण मी पुढे जाऊन म्हणेन की एकसारख्या असोत की वेगवेगळ्या, शिव्या हव्यातच कशाला? रस्त्यावर कचरा असतो म्हणून कुणी तो दिवाणखान्यात आणून ओतत नाही. लोकप्रिय कादंबरी घरात उघड्यावर पडलेली असते, पोरंसोरं उचलतात. ही ज्ञानोबा-तुकोबांची भाषा आहे, तिची काही आब राखा. जुन्या लेखकांनी एकही अपशब्द न वापरता हजारो पानं खिळवून ठेवणारी लिहिलीच ना?

विटेवरचा

तुकोबांचं नाव काढलंत ते बरं झालं. शाळेत आपण सगळे शिकलो, 'भले तरी देऊ कासेची लंगोटी'. आता घरातली गाथा काढा आणि 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' हा अभंग वाचा. गाथेत 'कासेची' नाही, 'गांडीची' आहे. 'कासेची' ही नंतर कुणीतरी नेसवलेली लंगोटी.

आणि बघा, या सोवळेपणात अर्थाची धार गेली. कमरेचं देणं वेगळं आणि बुडाखालचं शेवटचं फडकंही काढून देणं वेगळं. 'मोजुनि माराव्या पैजारा' म्हणणारे तुकोबा तुमच्या दिवाणखान्यात बसतील का, विचार करा.

शुद्ध_तूप

तुकोबांचा अधिकार वेगळा. गाथेतला एक शब्द दाखवून चाळीस पानांत चाळीस शिव्या घालणाऱ्याला प्रमाणपत्र देऊ नका.

विटेवरचा

एकच शब्द आहे म्हणून तर तो साडेतीनशे वर्षं टिकला. हे तुमच्या बाजूचंच बोलतोय मी, लक्षात येतंय का?

शुद्ध_तूप

येतंय. म्हणून तर गप्प बसलोय.

तांबडा_पांढरा

कोल्हापूरचा माणूस आल्याशिवाय हा धागा पुरा कसा व्हायचा. आमच्यात वीस वर्षांनी भेटलेला मित्र 'कसा आहेस' म्हणत नाही. 'काय रं रांडंच्या, मेलास का जिता?' असं म्हणतो, आणि डोळ्यात पाणी असतंय त्याच्या. तोच मित्र एखाद्या दिवशी 'अहो पाटील' म्हणाला तर समजायचं, पैशाचं तरी बिनसलंय नाहीतर बांधाचं तरी.

पुण्या-मुंबईच्या लेखकांची कोल्हापूरची पात्रं हितंच मार खातात. रागावली की शिव्या देतात! रागावल्यावर आमच्यात शिव्या बंद होतात राव. खरी भीती तिथनं सुरू हुती.

सोलकढी_उसळली

तांबडा_पांढरा, अगदी अगदी. मालवणीतही हेच. 'काय रे मेल्या, खंय होतंस इतके दिस?' यात मेल्या म्हणजे लाडका. 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० पासून हजारो प्रयोग चाललं, लंडनलाही जाऊन आलं, आणि ते बघायला आजी-नातवंडं एका रांगेत बसायची. तिथे कुणी कान झाकले नाहीत. कारण आमच्याकडे गाळी ही बोलण्याची चाल आहे.

उलट २०१० साली 'शिक्षणाच्या आईचा घो' या सिनेमाच्या नावावरून केवढं वादळ झालं आठवा. 'घो' म्हणजे नवरा हो! कोकणात आणि गोव्यात बायका नवऱ्याला सरळ घो म्हणतात. घाटावरच्यांना अर्थ माहीत नाही, नुसता आवाज शिवीसारखा वाटला आणि पेटले. निम्म्या शिव्या कानातच तयार होतात असं माझं मत.

संत्र्याची_फोड

नागपूरकडे 'बे' म्हणजे स्वल्पविराम. 'काय बे, जेवला का बे.' पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी साहेबाला 'नाही बे सर' म्हणालो. पुढचं विचारू नका.

जुना_ग्रंथपाल

तालुक्याच्या गावच्या वाचनालयात आयुष्य काढलं. या विषयावर लोक तोंडाने काय म्हणतात यापेक्षा पेनाने काय करतात ते मी जास्त पाहिलं आहे.

पुस्तकातली शिवी खोडणारे वाचक तीन जातीचे. एक नुसती आडवी रेघ मारणारे. शब्द खाली नीट वाचता येतो, फक्त निषेध नोंदवलेला असतो. दुसरे चौकोन गिरवून कागद फाटेपर्यंत काळा करणारे. तिसरे समासात लेखकाला पत्र लिहिणारे. 'लेखकास आई-बहीण नाही काय?' हे वाक्य मी कितीतरी पुस्तकांत, वेगवेगळ्या अक्षरांत वाचलं. शिव्या आई-बहिणीवरूनच असतात म्हटल्यावर प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता म्हणा.

वर कुणीतरी जुन्या लेखकांचा दाखला दिला. खरं आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड तिजोऱ्या फोडत, गोळ्या झाडत, पण तोंडातून वावगा शब्द नाही. शाळकरी पोरं ती पुस्तकं उघड्यावर वाचत. चंद्रकांत काकोडकरांची मात्र पिशवीच्या तळाशी जात, वर भाजी. आणि काकोडकरांत तरी शिव्या कुठे होत्या? शृंगार लपवून न्यायचा आणि शिवी खोडायची, असे दोन निरनिराळे हिशोब होते वाचकांचे.

पण जे सांगायला बसलो ते वेगळंच. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी जीर्ण पुस्तकं बाद करायचं काम माझ्याकडे आलं. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या सामाजिक कादंबऱ्या, पाठीची शिवण सुटलेल्या. बाद करण्याआधी मी एकेक चाळत बसे, सवय. अत्यंत सभ्य पुस्तकं. कुठे रागाचा प्रसंग आला तर नुसती टिंबं किंवा फुल्या. आणि त्याच पानावर एखाद्या जातीचं नाव घेऊन 'अमक्यासारखा वागू नकोस' हे पूर्ण अक्षरांत. विधवेला बोडकी, पांढऱ्या पायाची. लंगड्याला लंगड्या, आंधळ्याला आंधळ्या, तेही हसण्यासाठी. मी मुद्दाम समास तपासले. इतकी वर्षं, इतके हात, आणि एकाही वाचकाने त्या शब्दांवर पेन चालवलं नव्हतं. मीही नाही. मीच ती पुस्तकं देवघेवीच्या खिडकीतून बाहेर देत होतो.

तिरफळ

काका, मी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या चाळीस पानांतही तसं एक सापडतंय का बघायला पुस्तक परत काढलंय.

नाक्यावरचा

जुना_ग्रंथपाल, दंडवत. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहाची प्रस्तावना आठवली. विजय तेंडुलकरांनी त्यात कबूल केलंय की ढसाळांच्या कवितांतले कितीतरी शब्द त्यांना ठाऊकच नव्हते. ते त्यांनी कवीला विचारून घेतले, त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरून आले. तेंडुलकर, म्हणजे ज्यांच्या 'सखाराम बाइंडर'वरून नुकताच गदारोळ झाला होता ते. अश्लील आहे की नाही हे ठरवायच्या आधी आपल्याला अर्थ तरी कळतो का, हे विचारणारा प्रस्तावनाकार मला दुसरा आठवत नाही.

खडाष्टक_वकील

कायद्याबद्दल थोडं, कारण अशा चर्चेत 'बंदी घाला' आणि 'अश्लील' हे शब्द सैल सुटतात.

वरच काकोडकरांचं नाव निघालं. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली, म्हणजे अश्लील लेखनाबद्दल, खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. एका कवीच्या प्रेमप्रकरणांची गोष्ट ती. न्यायालयाने लेखन अखंड वाचून ठरवायचं आणि काळाबरोबर समाजाची फूटपट्टी बदलते, हेही मान्य केलं. भाड्याच्या वाचनालयातला लेखक दिल्लीपर्यंत जाऊन सुटून आला हे आपण विसरतो. आठवतो तो 'लेडी चॅटर्ली' या इंग्रजी कादंबरीचा १९६४ चा निकाल, कारण तो साहेबाच्या पुस्तकाचा.

शिवी हा त्याहून वेगळा प्रश्न. 'कॉलेज रोमान्स' या वेब सिरीजचा खटला घ्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी २०२३ साली निकालात लिहिलं की त्यातली भाषा इतकी होती की चेंबरमध्ये बसून कानाला इअरफोन लावून भाग पाहावे लागले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. थोडक्यात म्हणणं असं, की शिवीचा मूळ अर्थ लैंगिक असला तरी ती देणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात कामभावना नसते. असतो तो राग, वैताग, कधी आनंद. भाषा गलिच्छ वाटणं आणि ती अश्लील असणं या दोन गोष्टी.

नाटकाचं मात्र आपल्याकडे निराळं आहे. महाराष्ट्रात संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. कादंबरीला तशी चाळणी नाही. म्हणून कादंबरीतली चाळणी संपादकाच्या पेन्सिलीत असते, नाहीतर ग्रंथपालकाकांच्या वाचकांच्या पेनात.

गवती_चहा

इअरफोन लावून न्यायमूर्ती! मला माझं पाणी आण प्रकरण आता फार शोभिवंत वाटायला लागलंय.

दुबेळ्ये

मी वीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीत. मराठी पुस्तकं आता ऐकतेच जास्त, गाडीत. वाचताना डोळा नको त्या शब्दावरून अलगद सरकतो, कानाला पापणी नाही. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. तीन तासांचा प्रवास, एक गुन्हेगारीची कादंबरी लावलेली, सातारा भागातली. आणि सुरू झाल्या की हो शिव्या! मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघतेय, बटण दाबून बंद करायचं तर तेही अंगावर आल्यासारखं होईल.

आई शाळेत शिक्षिका होती, साताऱ्यातच. दहा मिनिटं शांत ऐकलं तिने. मग म्हणाली, 'वाचणारा पुण्याकडचा दिसतोय. शिवी वाचून दाखवतोय, देत नाहीये.'

तांबडा_पांढरा

दुबेळ्ये ताई, आईंना आमचा साष्टांग नमस्कार कळवा.

पोटभाषांतर

मी इंग्रजी थ्रिलर मराठीत आणते, माझं सांगते. इंग्रजीतला तो एफवाला शब्द एका पानात अकरा वेळा येतो, कारण तिथे त्याची शिवी उरलेलीच नाही. 'फार', 'जाम', 'भयंकर' म्हणावं तसा तो विशेषणाला चिकटतो. आपली शिवी तशी सुटी फिरत नाही. तिला समोर माणूस लागतो आणि त्या माणसाला आई, बहीण, बाप लागतो. साहेबाची शिवी वाक्याला मीठ लावते, आपली शिवी वंशावळ काढते. अकराच्या अकरा जागी मराठी शिवी टाकली की मूळ पुस्तकात नुसता वैतागलेला माणूस मराठीत खुनाच्या बेतात असल्यासारखा वाटतो.

मग आम्ही काय करतो? च्यायला. अक्षरशः च्यायला हाच शब्द वापरतो. आयला, च्यायला, च्यामारी, आईच्या गावात, च्या बैलाला. ही सगळी अर्धवट गिळलेल्या शिव्यांची पिलावळ. 'तुझ्या आईला' एवढ्यावर थांबलेलं वाक्य, पुढचं क्रियापद पोटात. ते झिजून झिजून इतकं गुळगुळीत झालं की आता बालनाट्यात चालतं. हल्लीची कॉलेजातली मुलं 'भेंडी' म्हणतात, भाजीचा काही संबंध नसताना. तीही त्याच घराण्यातली, हिंदीकडून आलेली.

आणि एक गंमत. मूळ इंग्रजी शब्द तसाच देवनागरीत ठेवला तर एकही वाचक तक्रार करत नाही. हिंदी शिवी ठेवली तर थोडे कुरकुरतात. तोच अर्थ मराठीत लिहिला की प्रकाशकाकडे फोन. मराठी कादंबरीतला नायक चिडला की एकदम हिंदीत का शिरतो, याचं उत्तर एवढंच आहे. शिवी दुसऱ्याच्या भाषेतली असली की ती शेजारच्या घरात दिल्यासारखी ऐकू येते.

तिरफळ

पोटभाषांतर, हे माझ्या बाबतीत तंतोतंत खरं आहे आणि मला जरा लाज वाटतेय. त्या पुस्तकात 'फक' हा शब्द कितीदा आला ते मला आठवतही नाही. मराठी दोन मात्र मोजल्या.

मागच्या_बाकावर

लिहिणाऱ्यांपैकी मी एक. मासिकात आणि आता ॲपवर रहस्यमालिका लिहितो. खऱ्या नावाने लिहिलं तर संपादक दुखावतील, म्हणून इथे बाकावरून.

माझ्या एका मालिकेत पहिल्या तीन भागांत दोन खून झाले, एका बाईच्या अंगावर ॲसिड फेकलं गेलं, आणि एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांनी खोलीत कोंडून उपाशी मारलं. वाचकांची पत्रं आली: 'श्वास रोखून वाचतोय', 'पुढचा भाग कधी?'. चौथ्या भागात एका ट्रक ड्रायव्हरने टायर फुटल्यावर एक शिवी दिली. टायरला. नाराजीची पत्रं आली, 'आम्ही कुटुंबात वाचतो हो.' म्हाताऱ्याला उपाशी मारलेला भागही कुटुंबातच वाचला असणार ना?

त्यानंतर संपादकांनी फुल्या मारायला सुरुवात केली. फुल्यांची माझी तक्रार वेगळीच आहे. पूर्ण शब्द छापला तर वाचक अर्ध्या सेकंदात पुढे जातो. पहिलं अक्षर आणि पुढे तीन फुल्या छापल्या की तो थांबतो, मोजतो, जुळवतो, आणि ती शिवी स्वतःच्या आवाजात मनात म्हणतो. म्हणजे शिवी काढायच्या नादात ती वाचकाच्याच तोंडात घातली.

आता धागाकर्तीच्या मुद्द्याकडे. सगळी पात्रं एकसारख्या शिव्या देतात ही आमच्या धंद्यातली खरीखुरी खोट आहे, आणि तिचं कारण भेकडपणा. आम्ही शिव्या ऐकून लिहीत नाही, वेब सिरीज बघून लिहितो. दिल्लीच्या बाजूच्या पटकथेत जी शिवी बसली तीच सांगलीच्या सरपंचाच्या तोंडी. मी स्वतः हे केलंय. वर 'रागावल्यावर शिव्या बंद होतात' हे वाक्य आहे ना, ते वाचून पुढच्या भागातलं एक अख्खं भांडण खोडलं आत्ता.

नाक्यावरचा

खोडलेलं पाठवा की व्यक्तिगत निरोप करून. फुल्या न मारता.

गवती_चहा

इतका वेळ चेष्टा केली, आता जरा मनातलं. या सगळ्या कादंबऱ्यांत शिव्या देतात ते पुरुष, खातात ते पुरुष, आणि नावं निघतात ती बायकांची. बाईने दिली तर मलपृष्ठावर 'बोल्ड नायिका' छापून येतं. आमच्या घरात सगळ्यात जहाल तोंड माझ्या आजीचं होतं आणि ती बोल्ड वगैरे नव्हती, नऊवारीतली माळकरी बाई. पण तिच्या शिव्यांत आई-बहीण नसायची. 'मुडदा बशिवला तुझा', 'तळपट होवो', 'हात झडले तुझे'. ती सरळ नशिबाला कामाला लावायची. पुरुष समोरच्याची अब्रू काढतो, बाई त्याचं मरण मागते. कदाचित तिच्या हातात दुसरं काही नव्हतं म्हणून.

असं बोलणारी म्हातारी मला एखाद्या आत्ताच्या थ्रिलरमध्ये भेटावी. ती पोलीस ठाण्यात येऊन त्या निलंबित सब-इन्स्पेक्टरला म्हणू दे दोन वाक्यं, ठाणं गार पडेल.

मागच्या_बाकावर

घेऊ का ही आजी? परवानगी मागतोय, गंमत नाही.

गवती_चहा

घ्या. माळ काढू नका फक्त तिची.

शुद्ध_तूप

परत आलो. मत बदललेलं नाही, पण सरकलंय. मी मघाशी 'जुन्या लेखकांनी एकही अपशब्द न वापरता' असं लिहिलं. ग्रंथपालांचा प्रतिसाद वाचल्यावर घरातली वडिलांची आवडती कादंबरी काढली, मी ती बारा वर्षांचा असताना वाचली होती आणि अतिशय सात्त्विक म्हणून लक्षात होती. तिसऱ्याच प्रकरणात नायकाची आई मोलकरणीला काय म्हणते ते वाचलं. इथे लिहीत नाही. फुल्या मारायच्या तर मला आज तिथे माराव्याशा वाटल्या.

तरी पोराटोरांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात आई-बहिणीवरून शिव्या नकोत, या माझ्या म्हणण्यावर मी ठाम आहे. हट्ट म्हणा हवं तर.

संत्र्याची_फोड

हट्ट नाही बे. मत आहे.

तिरफळ

अपडेट. पुस्तक संपवलं. दुसरा अर्धा भाग पुष्कळ बरा आहे. पान १८७ वर तो चहाचा पोऱ्या परत येतो. सब-इन्स्पेक्टर त्याला सगळ्यांच्या देखत कानाखाली मारतो, आणि पोऱ्या काहीच बोलत नाही. कप गोळा करतो, किटली उचलतो, आणि जिना उतरून खाली गेल्यावर, कुणी ऐकत नसताना, एक शिवी देतो. पुस्तकभर जी शिवी सगळे देतायत तीच. तिथे मला ती पहिल्यांदा ऐकू आली. लेखकाला हे माहीत होतं, मग आधीची चाळीस पानं का वाया घालवली त्याने?

आणि ग्रंथपालकाका, तुम्ही म्हणालात तसं मी शोधलं. सापडलं. पान १२ वर, बिल्डरच्या ड्रायव्हरबद्दल, निवेदनात, सहज जाता जाता. मी ते पहिल्या वाचनात पाहिलंच नव्हतं.

जुना_ग्रंथपाल

पान १२ वर पेन चालवू नका, वाचनालयाचं पुस्तक आहे.

चालवणाऱ्यांवरून एक आठवलं, ते सांगून थांबतो. आमच्याकडे एका लोकप्रिय कादंबरीत प्रकाशकाने शिवीच्या जागी फुल्या छापल्या होत्या, पहिलं अक्षर आणि चार फुल्या. एका वाचकाने निळ्या पेनाने फुल्यांच्या वर बारीक अक्षरात गाळलेल्या जागा भरल्या होत्या, पुस्तकभर, न चुकता. पुढे ते पुस्तक दुसऱ्या कुणाकडे गेलं असणार. कारण प्रत्येक ठिकाणी लाल शाईने पहिली वेलांटी खोडून दुसरी केलेली होती.